गावकीची खोली

बारावीचा शेवटचा पेपर टाकला आणि तिसऱ्या दिवशी रातच्या एस्टीनं परळला उतरलो. साल २०१७. पाठीवर दप्तर, हातात आईनं बांधून दिलेलं तांदळाचं बोचकं. तात्या, म्हणजे माझा चुलता, डेपोबाहेर उभा होता. त्याची खोली लालबागला. त्याची म्हणजे गावकीची. आमच्या वाडीनं कधीकाळी पागडी भरून घेतलेली, दहा बाय बाराची. गिरण्या चालू होत्या तेव्हा तीस-तीस माणसं तिथं पाळीपाळीनं झोपायची म्हणे. मी गेलो तेव्हा नऊ जण होते. माळ्यावर ज्याची त्याची ट्रंक आणि भिंतीवर ज्याचा त्याचा एक खिळा. पाहुण्याला खिळा नसतो. माझं दप्तर मोरीजवळच्या कोपऱ्यात.

मला वकील व्हायचं होतं ते दीड एकरापायी. भावकीतल्या एकानं फेरफारात आपलं नाव चढवलं आणि आबा अकरा वर्षं तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. मी पिशवी धरायला बरोबर जायचो. एकदा वकिलाला विचारलं, "साहेब, ह्या कागदात काय लिहिलंय?" तो म्हणाला, "तुला कळायचं नाही." आबा गुमान टोपी सारखी करत राहिले. मला ते टोपी सारखी करणं लागलं.

कॉलेजच्या सरांनी दोन फॉर्म भरून दिले होते. एक 'क्लॅट'चा, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. त्याची फी चार हजार, त्यात दोन शेळ्या गेल्या. दुसरा राज्याच्या सीईटीचा. ही सीईटी २०१६ पासूनच आलेली, दीडशे प्रश्न, दोन तास, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. पेपर मराठीतही. क्लॅटला दोनशे प्रश्न, सगळं इंग्रजी, आणि प्रत्येक चुकीला पाव मार्क वजा.

दादरला क्लास होते. एकात जाऊन फी विचारली आणि पाणी पिऊन परत आलो. मग फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणली. आधीच्या पोरानं पेन्सिलीनं उत्तरांवर खुणा केल्या होत्या. पहिली संध्याकाळ त्या खोडण्यातच गेली. दिवसा रातपाळीवाले झोपलेले, म्हणून मी गॅलरीत बसायचो. एप्रिल म्हणजे मसाल्याचे दिवस. डंकनवर मिरची पडली की खाट चाळभर. तर्काचा एकेक प्रश्न मी दोन-दोन शिंकांत सोडवला आहे. इंग्रजीसाठी रद्दीवाल्याकडून कालचा पेपर घ्यायचो, शब्द वहीत लिहायचो. पन्नास शब्दांतले चाळीस दुसऱ्या दिवशी आठवायचे नाहीत.

कायद्याच्या प्रश्नांची मात्र मला गोडी लागली. वर एक तत्त्व, खाली एक घटना. तत्त्वाला धरून उत्तर द्यायचं, आपल्या मनाचं नाही. तात्याला हे फार अजब वाटायचं. बेचाळीस वर्षांमागं पोरवयात तो गिरणीत लागला, आणि जानेवारी १९८२ च्या संपात बाहेर पडला तो पडलाच. आता एका टॉवरला वॉचमन. एका रात्री म्हणाला, "वाच बघू एक."

मी मराठीत सांगितलं. तत्त्व असं : दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीवाचून शिरणं हा गुन्हा नसला तरी दिवाणी आगळीक आहे, नुकसान होवो न होवो. घटना अशी : एकाची म्हैस शेजाऱ्याच्या रानात गेली, तो तिला आणायला आत गेला.

"मग? म्हस काय रानातच ठेवायची?"

"तात्या, उत्तर आगळीक झाली असंच आहे. वर तत्त्व दिलंय ना."

तात्यानं बिडी विझवली. "आनि आमाला गेटाबाहेर ठेवलं, आत टॉवर बांधला, त्याचं तत्त्व कुठल्या पानावर हाय?"

मी पुस्तक उगाच चाळलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना तो मला वाट वाकडी करून परळच्या बीआयटी चाळीपाशी घेऊन गेला. "हितं बाबासाहेब ऱ्हायचे. वीस वर्सं." एवढंच बोलला. इथून राहणं हलवल्यावर, १९३५ साली, ते चर्चगेटच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, हे मी त्याला सांगितलं. तात्याला तारखेत रस नव्हता. त्यानं बोटानं चाळीच्या खोल्या मोजल्या आणि म्हणाला, "आपल्यापरीस मोठी न्हाय खोली."

क्लॅट मे महिन्यात, कॉम्प्युटरवर. माऊस मी आयुष्यात पाचसहा वेळा धरला असेल. तात्या रजा टाकून आला, समोरच्या फुटपाथवर डबा घेऊन दोन तास उभा राहिला. मी बाहेर आल्यावर त्यानं पेपर कसा गेला विचारलं नाही, डबा पुढं केला. पेपर गेला नव्हताच. रिकामं सोडायला जीव धजेना म्हणून भराभर ठोकले, आणि सत्तर चुकले की साडेसतरा मार्क जातात हा हिशेब रात्री अंथरुणात केला.

सीईटीनं तारलं. मुंबईतल्याच एका कॉलेजात, पाच वर्षांच्या कोर्सला नंबर लागला. आबांना फोन केला. ते कोर्टाच्या आवारातच होते. म्हणाले, "बरं झालं. हितं तारीख पडलीया."

त्याच रात्री तात्यानं कुठूनसा खिळा पैदा केला आणि दाराशेजारच्या भिंतीत बत्त्यानं ठोकायला घेतला. रात्रपाळीला सुट्टी असलेले दोघं दचकून उठले आणि शिव्या द्यायला लागले. खिळा निम्म्यात वाकला. तात्यानं तो उपटला, फरशीवर ठेवून सरळ केला, आणि पुन्हा ठोकायला लागला.