दोर पलीकडे घ्या म्हणे

"आबा, दोर जरा पलीकडे घेवा, गेस्टांक फोटो काढूचे आसत." तारकर्लीच्या किनाऱ्यावर एका हॉटेलच्या वॉचमनने माझ्या चुलतसासऱ्यांना हे सांगितलं. अजून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. पुढे स्कूबा आलं, पॅरासेलिंग आलं, घरोघरी न्याहारी-निवास झाले. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रापण मात्र ठाऊक नसते. मासळीचा थवा दिसला की होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. माणसं दोन्हीकडून ओढत एकमेकांकडे सरकत जातात. एका बाजूचा ताण सुटला की बांगडा त्या बाजूने पसार! दोर मध्येच पलीकडे घेताच येत नाही. आबांनी हेच समजावलं, तेही शांतपणे. तर आतून मॅनेजर आला नि म्हणाला, ही आमची जागा. भरतीचं पाणी जिथे चढतं ती वाळू कुणाच्या सातबाऱ्यावर असते? आबांच्या आजोबांची रापण इथेच लागायची. हुज्जत चालू असतानाच एक पाहुणा दोराला अडखळून पडला. त्याला उचलायला आमचीच माणसं धावली, दोर ढिला पडला. जाळं वर आलं तेव्हा खोळीत थोडे पेडवे, बाकी शेवाळ.

तेवढ्याचेही वाटे घातले. दोराला हात लावील त्याला वाटा, ही रीत. पुण्याचं एक जोडपं हौसेने ओढायला आलं होतं, आबांनी त्यांच्याही पिशवीत मासे घातले. मला तेव्हा आबांचाच राग आला.

पर्यटक नकोत असं मी म्हणू शकत नाही. माझा मुलगा मुंबईची नोकरी सोडून घरी आला तो स्कूबाच्या होडीमुळेच. मे महिन्यात आमच्याही दोन खोल्या भरलेल्या असतात, आणि आलेली माणसं बहुतेक चांगलीच असतात. पण रापणीच्या जागा किनाऱ्याच्या सरकारी नकाशावर ठळक दाखवायलाच हव्यात, आणि हॉटेलला परवानगी देण्याआधी तो नकाशा उघडून बघायला हवा. रापण लागलेली असेल तेवढा वेळ खुर्च्या आणि वॉटर स्पोर्ट्सच्या होड्या बाजूला राहिल्या तर कुणाचं काय जातं?

वॉचमन शेजारच्याच वाडीतला. "मालकान सांगितल्यान, मी काय करू?" असं तो नंतर म्हणाला. खरं आहे, त्याचाही पगार तिथलाच. तरी मी त्याच्याशी अजून बोललेले नाही. त्याच्या आईने कित्येक वर्षं आमच्याबरोबर हाच दोर ओढला आहे.