पाडव्याला घराबाहेर

ज्या घरातील माणूस या वर्षी गेले आहे, त्या घरात दिवाळी जवळ येऊ लागली की एक प्रश्न हमखास निघतो : "या वेळी घरी नकोच; दोन दिवस कुठेतरी जाऊन येऊ या का?" रक्तदाब मोजून घेता घेता अनेकांनी मला हे विचारले आहे. "अवश्य जा, हवापालट होईल," असे मी पूर्वी लगेच सांगत असे. आता आधी दोन प्रश्न विचारतो. जाणार कोणत्या दिवशी? आणि ज्यांच्यासाठी जाणार, त्यांना विचारले का?

हे प्रश्न मला माझ्या आईमुळे सुचले.

माझे वडील श्रावणात गेले. दरवर्षी कामट्या तासून आकाशकंदील ते स्वतः करीत. गॅलरीतला तो रिकामा हूक आईच्या नजरेस पडू नये, म्हणून दिवाळीच्या आरंभीच मी सर्वांना घेऊन पुण्याहून हरिहरेश्वरला गेलो. आईला विचारले होते. पण ते विचारणे नव्हते, कळवणे होते. "तुला योग्य वाटेल तसं कर," ती म्हणाली. मी तो होकार मानला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुले वाळूत खेळत होती आणि आई खोलीत पलंगाच्या कडेला बसून होती. "अरे, आज घरी दिवा कुणी लावला असेल?" तिने विचारले. लग्न होऊन आल्यापासून त्या संध्याकाळी तिचा उंबरा कधी पणतीवाचून राहिला नव्हता. रात्री तिचे डोके जड झाले, तेव्हा कळले की तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा घरीच राहिला आहे. डॉक्टर मुलगा बरोबर असूनही दोन दिवस ती औषधावाचून होती.

सकाळी श्रीवर्धनला जाऊन गोळ्या आणल्या. परतलो तेव्हा शेजारच्या खोलीबाहेर एक बाई पतीला ओवाळत होत्या. पाडवा होता. आई दारात उभी राहून ते पाहत होती. आकाशकंदिलाचे दुःख माझे होते. तिचा अवघड दिवस हा होता, आणि तो मी तिला कधी विचारलाच नव्हता.

पुढच्या वर्षी महिनाभर आधी विचारले आणि उत्तरासाठी थांबलो. दोन दिवसांनी ती म्हणाली, "पहिली अंघोळ, लक्ष्मीपूजन घरीच करू. पाडव्याला मात्र मला इथे राहवणार नाही. भाऊबीजेला मामाकडे साताऱ्याला सोड." बेत तिनेच आखून दिला होता. मुक्काम वाटेवरच्या वाईला ठरला.

दुःख शरीरालाही होते, हे तुम्ही अनुभवले असेल. झोप तुटते, भूक मरते, छातीवर दडपण येते. जवळचे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. पुढे शरीर सावरते; परंतु सण, वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा दिवसांच्या आसपास तीच अस्वस्थता पुन्हा डोके वर काढते. म्हणून असा प्रवास आखताना अंतर दोन-तीन तासांचेच ठेवावे. ज्येष्ठांसाठी तळमजल्यावरची खोली पाहावी. औषधे मुक्कामापेक्षा चार दिवसांची अधिक घ्यावीत आणि ती डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावीत. मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळा पाळाव्यात. वाटेत फराळावर भागवू नये. रात्रभर झोप न लागलेल्या माणसाने गाडी चालवू नये. आणि कोणत्याही क्षणी "परत जाऊ या" असे म्हणण्याची मुभा सर्वांना असावी. त्यासाठी खोलीचे पैसे बुडाले तरी चालतील.

छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर मात्र ते दुःखामुळेच असेल असे समजून घरगुती उपाय करीत बसू नये. लगेच रुग्णालय गाठावे. सहा महिने उलटूनही दुःखाची तीव्रता तसूभर कमी होत नसेल, रोजचे व्यवहार थांबले असतील, तर सहलीने भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे झाल्याचे कुणी बोलून दाखवले, तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

त्या पाडव्याला आम्ही शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली. संध्याकाळी उंबऱ्यावर पणती लावण्याचे त्यांनी आपणहून मान्य केले. दुपारी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर गेलो. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक तिथे आहे. वडील आम्हाला लहानपणी तिची गोष्ट रंगवून सांगत. आईने ती माझ्या मुलीला त्यांच्याच ढंगात, हातवाऱ्यांसह सांगितली. सांगता सांगता ती हसली, मग रडली. कुणी विषय बदलला नाही, पाणी आणायला धावले नाही. थोड्या वेळाने तिनेच डोळे पुसले आणि विचारले, "चहा कुठे मिळेल रे इथे?"

तुमच्या घरी यंदा असा सण येत असेल, तर हॉटेल शोधण्याआधी त्या व्यक्तीजवळ जाऊन बसा. कोणता दिवस अवघड वाटतो, एवढेच विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही. दोन दिवस वाट पाहा.