दिवे माझे, हुकूम कोणाचा?

लॅपटॉपवरच्या रंगीत दिव्यांना मी कायम नाकं मुरडत आलो. कीबोर्डखाली सात रंग, झाकणावर लकाकणारं बोधचिन्ह, कडेने पट्टी: हे लग्नाच्या मांडवात शोभेल, कामाच्या यंत्रात नाही, असं माझं मत. त्याला जोडून दुसरंही एक होतं. हे दिवे लावायचे-विझवायचे असतील तर कंपनीने दिलेला प्रोग्राम वापरावा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइलींत हात घालू नये. पहिलं मत बऱ्यापैकी शाबूत आहे. दुसरं मी सोडलं.

निमित्त भाच्याचं. हैदराबादला इंजिनिअरिंग करतो. सिकंदराबादच्या पार्कलेनवर चिनॉय ट्रेड सेंटर आहे, ज्याला तिथे सगळे नुसतं सीटीसी म्हणतात. तिथून त्याने गेमिंग लॅपटॉप आणला आणि त्यावर उबुंटू लिनक्स चढवलं. दिवे लालवर अडकले. कंपनीचा प्रोग्राम चालणार फक्त विंडोजवर, आणि तिथेही आधी ई-मेल देऊन खातं उघडा म्हणणार. "मामा, दिवा विझवायला लॉगिन कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "नको तर सोड ना, दिवेच तर आहेत." त्याने सोडलं नाही.

त्याने 'सिस' फोल्डर उघडला, त्यात 'क्लास', त्यात 'लेड्स'. आत यंत्रातल्या एकेका दिव्याच्या नावाचा फोल्डर: कॅप्सलॉकचा, माइक बंद असल्याचा, कीबोर्डचा. प्रत्येकात 'ब्राइटनेस' नावाची फाइल. तिच्यात शून्य लिहिलं की दिवा गेला. रंगीत दिवा असेल तर आणखी एका फाइलीत लाल, हिरव्या, निळ्याचे तीन आकडे लिहायचे. या फाइली डिस्कवर नसतातच. आपण आकडा लिहितो तो कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वाचतो आणि ड्रायव्हरमार्फत दिव्यापर्यंत पोचवतो. म्हणून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की लिहिलेलं सहसा पुसलं जातं, आणि ते टिकवायला वेगळी सोय करावी लागते.

नवख्याची हमखास फजिती होते ती एका जागी. मालकाचे अधिकार देणारं 'सुडो' लावून 'एको'ने फाइलीत आकडा लिहायला गेलं तरी परवानगी नाही म्हणून नकार येतो, कारण फाइल उघडायचं काम सुडोच्या आधी आपलं साधं शेलच करून बसतं. 'टी' या आज्ञेतून लिहिलं की जमतं. भाच्याची तासभर चिडचिड झाली ती एवढ्यासाठी. माझीही, खरं तर.

ही व्यवस्था नवी नाही. सिस-फाइल-सिस्टिम 2003 च्या 2.6 कर्नलमध्ये आली, दिव्यांचा वर्ग 2006 मध्ये, आणि अनेकरंगी दिव्यांची सोय 2020 च्या 5.9 मध्ये. इतकी वर्षं हे माझ्या स्वतःच्या यंत्रात होतं आणि मी त्याला खटपट्या लोकांचा उद्योग समजत होतो.

मला खरं जिंकलं ते 'ट्रिगर' नावाच्या फाइलीने. त्यात 'हार्टबीट' लिहिलं की दिवा नाडीसारखा ठोके देतो आणि यंत्रावरचा भार वाढला की ठोके जलद होतात. डिस्कच्या हालचालीलाही दिवा जोडता येतो. थिंकपॅडच्या झाकणावरचा लाल ठिपकासुद्धा 'लेड्स'च्या यादीत सापडतो. म्हणजे शोभेचा दिवा कामाला लावता येतो, आणि कोणत्या कामाला ते मी ठरवतो. कंपनीच्या प्रोग्राममध्ये मला इंद्रधनुष्य, लाट आणि श्वासोच्छ्वास यांतून निवड होती, हे नव्हतं.

पण फाइल आहे म्हणून सगळं खुलं झालं असंही नाही. दिवा या यादीत येतो तो कोणी ड्रायव्हर लिहिला तरच. अनेक लॅपटॉपांत दिव्यांचा ताबा फर्मवेअरच्या आतल्या कागदोपत्री नसलेल्या आज्ञांकडे असतो, आणि त्या हुडकायचं काम बऱ्याचदा कंपनीबाहेरचे लोक फुकट करतात. एसुसच्या टफ मालिकेच्या रंगीत कीबोर्डचा आधार कर्नलमध्ये आणणारे ल्यूक जोन्स तसेच. काही कीबोर्डांचे दिवे आतून यूएसबीवर असतात, ते या फोल्डरात बहुधा दिसत नाहीत; त्यांच्यासाठी अ‍ॅडम होन्स यांनी सुरू केलेला ओपनआरजीबी हा प्रकल्प आहे. दिव्यासारख्या फुटकळ गोष्टीसाठी एवढी शोधाशोध लोकांना करावी लागते, हे मला पूर्वी हास्यास्पद वाटायचं. आता कंपन्यांचा राग येतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा दिवा कसा विझतो, हे त्यांनी एका पानावर छापून द्यायला हवं.

तेव्हा पुढचा लॅपटॉप घेताना सोबत लिनक्सचा पेनड्राइव्ह न्या, दुकानदाराला विनंती करून त्यावरून यंत्र सुरू करा आणि 'लेड्स' फोल्डरात कीबोर्ड दिसतो का ते बघा. नाही दिसला, तर ओपनआरजीबीच्या यादीत ते मॉडेल शोधा. तिथेही नसेल, तर बिल करण्याआधी दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.