खलिफा निवडणारे सहा जण

सौदी अरेबियाच्या वायव्येला, प्राचीन हिजर नगरीच्या परिसरात, वालुकाश्मावर कोरलेल्या काही मोजक्या ओळी आहेत. झुहैर नावाच्या कुणा माणसाने आपलं नाव लिहून पुढे एवढंच नोंदवलं आहे की, उमर वारले त्या सुमारास, सन 24 मध्ये, हे लिहिलं. हे साल हिजरी, म्हणजे इसवी सन 644. झुहैर कोण, कुठला, हे या ओळी सांगत नाहीत. दुसरे खलिफा उमर गेल्याची वार्ता मात्र त्याच्यापर्यंत पोचली होती आणि ती दगडावर कोरण्याइतकी मोठी त्याला वाटली. आमच्या विषयात अशा समकालीन ओळींना फार मोल असतं. कारण उमर यांच्या मृत्यूच्या वेळी मदिनेत काय घडलं याची सविस्तर हकिगत ज्या तबरीच्या ग्रंथात मिळते, तो तबरी वारला इसवी सन 923 मध्ये. घटना आणि ग्रंथ यांच्यामध्ये अडीचशेहून अधिक वर्षं, दोन राजघराणी आणि बरंच रक्त आहे.

माझा अभ्यास आरंभीच्या इस्लामी इतिहासाचा, त्यातही नाण्यांचा. व्याख्यान कुठेही असो, शेवटी एक प्रश्न हमखास येतो : पैगंबरांचा खरा वारस कोण, अबू बक्र की अली? सुन्नी आणि शिया यांची उत्तरं वेगळी आहेत. ती श्रद्धेची उत्तरं आहेत आणि इतिहासकाराने तिथे पंच होऊ नये. मला दुसरे दोन प्रश्न अधिक कामाचे वाटतात. खलिफा निवडण्याचा अधिकार कुणाचा होता? आणि निवडलेला माणूस लोकांना नको झाला, तर त्याला उतरवायचं कसं? पहिल्या प्रश्नाला त्या काळाने अनेक उत्तरं दिली. दुसऱ्याला सनदशीर उत्तर एकही दिलं नाही. पहिल्या साठ वर्षांतल्या यादवीचं मूळ मला तिथे दिसतं, आणि ते पाहायचं तर उमर यांनी मृत्युशय्येवरून नेमलेल्या सहा जणांचा माग काढावा.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. जून 632 मध्ये मदिनेत मुहंमद पैगंबरांचं निधन झालं. मुलगा हयात नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये, हजहून परतताना, गदीर खुम्म या पाणवठ्यापाशी त्यांनी आपले चुलतभाऊ आणि जावई अली यांचा हात हाती घेऊन त्यांच्याविषयी काही शब्द उच्चारले होते. ते वारसाची नेमणूक करणारे होते, असं शिया मानतात. ते स्नेहाचे आणि गौरवाचे होते, असं सुन्नी मानतात. निधनानंतर अली आणि घरची माणसं अंत्यविधीच्या तयारीत असताना मदिनेचे मूळ रहिवासी, म्हणजे अन्सार, बनू साइदा कुळाच्या मांडवात जमले. आजारी साद इब्न उबादा यांना त्यांनी पुढे केलं होतं. अबू बक्र, उमर आणि अबू उबैदा हे मक्केहून आलेले तिघे घाईने तिथे पोचले. तुमचा एक अमीर आणि आमचा एक, अशी तडजोडही अन्सारांनी सुचवून पाहिली. अखेर उमर यांनी अबू बक्र यांचा हात हातात घेऊन बैअत केली, निष्ठेची शपथ दिली, आणि इतरांनी त्यांच्यामागून. अली यांनी बैअत केली ती बऱ्याच महिन्यांनी, पत्नी फातिमा यांच्या निधनानंतर, असं प्रसिद्ध परंपरा सांगते. पुढे खुद्द उमर यांनीच ती निवड घाईगर्दीत झाली होती, असं मशिदीतल्या प्रवचनपीठावरून कबूल केलं आणि कुणी तिचा कित्ता गिरवू नये, असं बजावलं.

अबू बक्र यांनी 634 मध्ये मरताना सरळ उमर यांचं नाव सांगितलं. म्हणजे दोन वर्षांत दोन पद्धती झाल्या : आधी सभा, मग नेमणूक.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर 644 मध्ये, पहाटेच्या नमाजाच्या वेळी अबू लुलुआ या इराणी गुलामाने उमर यांना भोसकलं. जखम प्राणघातक होती, पण निरवानिरव करायला थोडा वेळ मिळाला. त्यांनी तिसरी पद्धत काढली. सहा ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपसांत बसून आपल्यातूनच एक निवडावा. ते सहा म्हणजे अली, उस्मान, झुबैर, तल्हा, साद इब्न अबी वक्कास आणि अब्दुर्रहमान इब्न औफ. आपल्या मुलाला, अब्दुल्लाला, उमर यांनी सल्ल्यापुरता बसवला. त्याला उमेदवारी नव्हती. मुदत तीन दिवसांची. मतं सारखी पडली तर अब्दुर्रहमान ज्या बाजूला असतील ती बाजू धरायची. दारावर पन्नास सशस्त्र अन्सार.

या पन्नास जणांपाशी मी दरवेळी थांबतो. बारा वर्षांपूर्वी जे अन्सार आपला अमीर मागत होते, त्यांना आता पहारा देण्याचं काम उरलं होतं. सहाही उमेदवार मक्केचे, कुरैश जमातीचे. निवडणाऱ्यांचं वर्तुळ किती झपाट्याने आवळलं, याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

अब्दुर्रहमान यांनी स्वतःची उमेदवारी सोडली आणि त्या बदल्यात निवडीचा अधिकार मागून घेतला. तल्हा गावाबाहेर होते. साद यांनी आपलं मत अब्दुर्रहमान यांच्याकडे सोपवलं. उरले मुख्यतः अली आणि उस्मान. दोघांना एकच अट घातली गेली : कुराण, पैगंबरांचा पायंडा आणि आधीच्या दोन खलिफांचा पायंडा, तिन्ही पाळाल का? अली यांनी आपल्या ज्ञानाप्रमाणे आणि कुवतीप्रमाणे, असं जपून उत्तर दिलं. उस्मान यांनी बिनशर्त होकार दिला आणि खिलाफत त्यांच्याकडे गेली. अब्दुर्रहमान हे नात्याने उस्मान यांचे मेहुणे होते, याकडे अली यांच्या पक्षाने बोट दाखवलं; आजही दाखवलं जातं.

त्या तीन दिवसांत पदावर कोण बसणार, हे ठरलं. तो उठणार कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून, हा विषय निघाल्याचं कुठलाही निवेदक सांगत नाही. बारा वर्षांनी तोच विषय दारात येऊन उभा राहिला. दरम्यान राज्य मदिनेच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. कूफा, बसरा, फुस्तात ही छावणीची शहरं माणसांनी भरली होती. उमर यांच्या दिवाणात, म्हणजे तनख्याच्या नोंदवहीत, जो आधी मुसलमान झाला त्याला जास्त अशी श्रेणी होती. उशिरा आलेल्या सैनिकांची नाराजी साचत गेली. त्यात उस्मान यांनी मोठे सुभे आपल्या नातलगांकडे दिले. मुआविया शाममध्ये, म्हणजे सीरियात, आधीपासून होतेच. मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, अब्दुल्ला इब्न साद, बसऱ्यात अब्दुल्ला इब्न आमिर. 656 मध्ये मिसर आणि इराकमधून आलेल्या बंडखोरांनी मदिनेत उस्मान यांचं घर वेढलं आणि पद सोडा म्हणून सांगितलं. देवाने चढवलेला झगा मी उतरवणार नाही, असा आशय परंपरा त्यांच्या तोंडी घालते. उतारवयातला तो खलिफा कुराण वाचत असताना घरात मारला गेला. पदच्युतीचा मार्ग नसला की हत्येचा मार्ग खुला होतो. हे वाक्य कठोर वाटेल, पण पहिल्या चार खलिफांपैकी तिघांचा खून झाला.

आता उरलेल्या पाचांचं पाहा. अब्दुर्रहमान आधीच वारले होते. मदिनेत अली यांच्या हाती बैअत झाली, पण ती करणाऱ्यांत उस्मान यांचे मारेकरीही होते आणि हा डाग शेवटपर्यंत पुसला गेला नाही. तल्हा आणि झुबैर यांनी बैअत केली, मग ती जबरीने घेतली म्हणून मोडली, आणि पैगंबरांच्या पत्नी आएशा यांच्यासह ते बसऱ्याकडे निघाले. 656 च्या अखेरीस तिथल्या उंटाच्या लढाईत, म्हणजे ज्या लढाईत आएशा यांचा उंट रणाच्या मधोमध होता तीत, तल्हा पडले. झुबैर रण सोडून जाताना मारले गेले. साद कुठल्याच बाजूला गेले नाहीत. 661 मध्ये कूफ्याच्या मशिदीत अली यांच्यावर विषारी तलवारीचा वार झाला. सहापैकी चौघे शस्त्राने गेले. उमेदवारी सोडलेले दोघे, अब्दुर्रहमान आणि साद, तेवढे अंथरुणावर वारले.

अली यांचा मारेकरी इब्न मुल्जम हा खारिजी होता. हा पंथ 657 मध्ये फुरात नदीकाठच्या सिफ्फीनच्या लढाईतून निघाला. अली आणि मुआविया यांची सैन्यं भिडलेली असताना मुआविया यांच्या लोकांनी भाल्यांवर कुराण बांधून लवादाची मागणी केली. लवादाचा करार लिहिताना अली यांच्या नावापुढची ‘अमीर-उल-मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख, ही खलिफाची पदवी विरुद्ध पक्षाने खोडायला लावली आणि अली यांनी ते मान्य केलं. निवाडा देवाचाच, माणसांचा नव्हे, असं म्हणत एक गट बाहेर पडला. त्यांचा सिद्धान्त ठाम होता : कुठल्याही कुळाचा धर्मनिष्ठ माणूस खलिफा होऊ शकतो आणि अन्याय करील त्याला उतरवलंच पाहिजे. उतरवण्याच्या प्रश्नाला त्या काळात ठोस उत्तर दिलं ते याच लोकांनी. दुर्दैवाने त्यांच्याकडे उतरवण्याचं साधन एकच होतं, तलवार.

अली यांचे पुत्र हसन यांनी 661 मध्ये तह करून मुआविया यांना वाट दिली. रक्तपाताशिवाय हक्क सोडल्याचं त्या पिढीतलं हे ठळक उदाहरण. मुआविया यांनी दमास्कसहून एकोणीस वर्षं राज्य केलं आणि हयातीतच मुलगा यझीद याच्या नावाने बैअत घेतली. हे तर कैसराच्या दरबारासारखं झालं, अशी टीका झाली. टीकाकारांची नावं मात्र बघण्यासारखी आहेत : अली यांचे पुत्र हुसेन, झुबैर यांचे पुत्र अब्दुल्ला, उमर यांचे पुत्र अब्दुल्ला, अबू बक्र यांचे पुत्र अब्दुर्रहमान. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या सत्तेला विरोध करणाऱ्या या सगळ्यांचं वजन बापाच्या नावावर उभं होतं. वारसाहक्काची कल्पना मुआविया यांच्या आधीच समाजात शिरली होती. त्यांनी तिला सरकारी शिक्का दिला.

10 ऑक्टोबर 680 रोजी करबलाच्या मैदानात हुसेन आपल्या मूठभर साथीदारांसह शहीद झाले. त्यांच्यासमोरच्या फौजेचा सेनापती होता उमर इब्न साद, त्या सहांपैकी साद यांचा मुलगा. पुढची बारा वर्षं मक्केहून दमास्कसला आव्हान देणारे अब्दुल्ला हे झुबैर यांचे पुत्र. 644 मधली बैठक पुढच्या पिढीने रणांगणात पुढे चालवली.

इथून पुढे माझी नाणी बोलू लागतात. ग्रंथ नंतरचे असतात, नाणं त्या वर्षीचं असतं. इराणमधल्या टांकसाळींत तेव्हा जुन्या सासानी घडणीचे चांदीचे दिरहम पडत होते : पुढे मुकुटधारी राजा, मागे अग्निवेदी, कडेला अरबीत ‘बिस्मिल्ला’. अशा दिरहमांवर पहलवी लिपीत अब्दुल्ला इब्न झुबैर यांचं नाव ‘अमीर-उल-मोमिनीन’ या पदवीसह सापडतं. काही वर्षांनी खारिजींचा नेता कतरी याचं नाव त्याच पदवीसह येतं आणि कडेला त्यांची घोषणा : निवाडा देवाचाच. याहून बोलकी गोष्ट हिजरी 66 मधली. पैगंबर मुहंमदांचं नाव ज्यावर प्रथम दिसतं ते उपलब्ध नाणं बिशापूर टांकसाळीचं आहे आणि ते पाडलं अब्दुल्ला यांच्या पक्षाच्या सुभेदाराने. यादवीत हक्क सांगायचा तर कुणाच्या नावाने, हे त्या पक्षाला आधी उमगलं. 692 मध्ये दमास्कसचा खलिफा अब्दुल मलिक याच्या हज्जाज नावाच्या सरदाराने मक्का घेतली, अब्दुल्ला मारले गेले, आणि विजेत्याने पराभूतांची ती युक्ती उचलली. हिजरी 77 पासून त्याच्या दीनारांवरून माणसाचं चित्र गेलं. दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं उरली, त्यांत देवाचं एकत्व आणि मुहंमदांचं प्रेषितत्व.

पुढे लेखी करारानेही काही साधलं नाही. अब्बासी खलिफा हारून रशीद याने 802 मध्ये अमीन आणि मामून या मुलांमधली वारसाव्यवस्था कागदावर उतरवून काबागृहात लावली. तो वारल्यावर दोन वर्षांत भाऊ लढू लागले. 813 मध्ये बगदाद पडलं आणि अमीन मारला गेला.

मग स्पष्ट नियुक्तीचं काय, ज्याला शिया परंपरेत ‘नस्स’ म्हणतात? तिथे निवडणाऱ्यांचा प्रश्न मिटतो, कारण आधीचा इमाम पुढचा सांगून जातो. पण सांगितल्याचा पुरावा काय, हा वाद उरतोच. 1094 मध्ये कैरोचा फातिमी इमाम-खलिफा मुस्तन्सिर वारला तेव्हा थोरला निझार डावलला गेला आणि वजीर अफजल याने मुस्तअलीला बसवलं. निझारचे अनुयायी ते आजचे आगाखानी खोजे; मुस्तअलीच्या शाखेतले बोहरा. कैरोत फुटलेली ही दोन्ही घराणी मुंबईत शेजारी नांदतात आणि दोघांचे वाद मुंबई उच्च न्यायालयाने ऐकले आहेत. 1866 मध्ये न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी आगाखानांच्या बाजूने निकाल देताना पैगंबरांच्या निधनापासूनचा वारसावाद मांडला. एप्रिल 2024 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दाऊदी बोहरांच्या त्रेपन्नाव्या दाईंबाबतचा, म्हणजे धर्मप्रमुखांबाबतचा, दावा निकाली काढला. नस्स झाली की नाही, झाली तर कुणासमोर, हा त्यातला मुद्दा होता. निकाल सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांच्या बाजूने लागला, आणि आपण पुरावा तपासला, श्रद्धा नव्हे, हे न्यायमूर्तींनी आवर्जून सांगितलं.

इतिहासकाराचं कामही तितकंच आहे. 632 ते 692 या साठ वर्षांत सभा, नेमणूक, समिती, जमावाचा आग्रह, तह, वारसा आणि तलवार अशा सगळ्या वाटांनी खलिफा पदावर आले. जिवंत खलिफाला सनदशीर मार्गाने खाली उतरवण्याची एकही वाट त्या समाजाने बांधली नाही. त्या काळावरचं कुठलंही पुस्तक हाती घ्याल तेव्हा नायक आणि खलनायक शोधण्याआधी ही न बांधलेली वाट शोधा. करबलापर्यंतची बरीचशी यादवी तिच्याअभावी घडलेली दिसेल.