मृगाआधीचे भिलार

वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढू लागले, की मे महिन्याच्या अखेरीसही हवेतला बदल अंगाला जाणवतो. खाली कृष्णाकाठी ऊन भाजून काढत असते. वर पाचगणीला, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, सायंकाळी पदर खांद्यावर ओढून घ्यावासा वाटतो. आम्ही गेलो तेव्हा रोहिणी नक्षत्र लागले होते. सुट्टीची गर्दी ओसरत होती आणि दुपारनंतर पश्चिमेकडे वळवाचे ढग जमू लागले होते.

आम्हाला जायचे होते भिलारला. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यानचे हे गाव पूर्वी स्ट्रॉबेरीसाठी ओळखले जाई. ४ मे २०१७ रोजी येथे ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू झाला. वेल्समधील हे-ऑन-वाय हे गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. त्यावरून ही कल्पना सुचली. मात्र भिलारमध्ये पुस्तके विकण्यासाठी नाहीत, वाचण्यासाठी आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने आरंभी पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली. कुठे कविता, कुठे कादंबऱ्या, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. घराच्या ओसरीवर कपाट असते. आपण जावे, पुस्तक काढावे, बसावे. कोणी पैसे मागत नाही.

हा प्रवास आईसाठी होता. वडील गेले त्याला सव्वा वर्ष होत आले होते. शेवटची दोन वर्षे आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, आणि ती ‘नंतर बघू’ म्हणत शस्त्रक्रिया पुढे ढकलत होती. कारण वडील तिला रोज रात्री वाचून दाखवत. ते गेल्यावर आम्ही आग्रह करून दोन्ही शस्त्रक्रिया करून घेतल्या. दृष्टी उत्तम आली. जवळचे पाहण्यासाठी डॉक्टरांनी वेगळा चष्मा दिला. तो मात्र डबीतच राहिला. डोळे परत आले होते, वाचणारी आई परत आली नव्हती. दिवसभर ती दूरदर्शन संचापुढे बसे आणि रात्री झोप येत नाही म्हणे.

भिलारमध्ये ज्या घरी आम्ही उतरलो, तेथे आत्मचरित्रांची कपाटे होती. पहिल्या दिवशी आईने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. स्ट्रॉबेरीचा हंगाम केव्हाच संपला होता. पण रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणांत काळी करवंदे आणि पहिली जांभळे घेऊन बसल्या होत्या. करवंदे आईने आवडीने खाल्ली. करवंदात क जीवनसत्त्व चांगले असते, जांभळात तंतुमय अंश. ही फळे मिठाच्या पाण्यात धुऊन, जेवणानंतर थोड्या वेळाने मूठभर खावीत. जांभूळ मधुमेहींना चालते म्हणून औषधाऐवजी जांभूळ, असे मात्र कोणी करू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी घराच्या अंगणात गोधडी पसरली गेली. या भागात हे काम मृगाआधीच उरकावे लागते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिलारला त्याहून कमी असला, तरी पावसाळ्यात येथेही जाड कापड वाळणे कठीणच. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी जुनी गोधडी धुवायची, नवी शिवायची. वरखाली मऊ झालेली लुगडी, मध्ये धोतरांचे, चादरींचे, पोरांच्या कपड्यांचे तुकडे. काठापासून टाके सुरू करायचे आणि चौकोनी फेर घेत मध्याकडे सरकायचे. एक फेर घरातल्या सासूबाई घालत होत्या, समोरचा त्यांची सून.

आई पायरीवर बसून पाहत होती. सासूबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, एवढी सुई ओवून द्या की. सून पलीकडं गुंतलीय आन् मला काय दिसंना आता.”

आईने सुई घेतली, डोळ्यांपासून दूर धरली, जवळ आणली. मग पिशवीतून चष्म्याची डबी काढली. पहिल्याच खेपेस दोरा नेढ्यातून गेला. “तुम्हाला बरं दिसतंय. मग बसा वाईच,” असे म्हणून त्यांनी तिला गोधडीची तिसरी बाजू दिली. आई बसली. तासाभराने वळीव आला, तेव्हा गोधडी उचलून ओसरीवर आणणाऱ्यांत सर्वांच्या पुढे तीच होती.

पाऊस तासभर पडला. वीज गेली. ओसरीवर बसल्या बसल्या आईने चष्मा न काढताच कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ काढले. उजेड मावळेपर्यंत ती वाचत होती. मध्येच एकदा मोठ्याने हसली. सव्वा वर्षात ते हसू आम्ही ऐकले नव्हते. त्या रात्री ती साडेनऊला झोपली आणि सकाळी चहाच्या वेळी उठली.

एका दुपारीने दुःख सरते, असा माझा दावा नाही. पण विश्रांती म्हणजे रिकामे बसणे, ही आमची समजूत चुकीची होती. आईला आम्ही सर्व कामांतून सोडवले आणि तिच्या हाती काहीच उरू दिले नाही. टाक्यामागून टाका आणि ओळीमागून ओळ, या दोहोंत मनाला पुढची पायरी दिसत राहते. आणि शिवणाऱ्या चौघींत बसले की न बोलताही सोबत मिळते.

घरी असे काही करायचे असल्यास थोडी पथ्ये पाळावीत. उजेड भरपूर असावा आणि हाताची सावली कामावर पडू नये. दर वीस मिनिटांनी नजर उचलून दूरवर पाहावे. पाठीला भिंतीचा आधार घ्यावा. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर बसून मांडीवर मावेल एवढे दुपटे शिवावे. डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. झोपण्यापूर्वीचा अर्धा तास पडद्याऐवजी छापील पानाला द्यावा.

परतल्यावर आईने कपाटावरची पेटी खाली काढवली. सव्वा वर्षे आम्ही कोणी तिला हात लावला नव्हता. आजीचे नऊवारी वर आणि वडिलांची धोतरे आत, असे तिने ठरवले; कोणाला विचारले नाही. आता दुपारी ती शिवते आणि रात्री जेवणे झाल्यावर आम्हाला दहा पाने वाचून दाखवते. मृग लागला, तेव्हा गोधडीचे चार फेर झाले होते.