टाकी उतरवताना

मोटारसायकलची पेट्रोलची टाकी 'काढत' नाहीत, 'उतरवतात'. चाक काढतात, प्लग काढतात, इंजिन तर चक्क 'खोलतात'. टाकीच्या वाट्याला मात्र उतरवणे हे क्रियापद आले आहे. मराठीत डोईवरचे ओझे उतरवतात, लेकराची दृष्ट उतरवतात, अंगावरचे दागिने उतरवतात. यातल्या कुठल्याही ठिकाणी घाई चालत नाही. मुलुंड पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून असलेल्या एका गल्लीत ताडपत्रीखाली माझी वीस वर्षे जुनी गाडी दरवर्षी पावसाळ्यानंतर उभी राहते, आणि तिथले मिस्त्री पोऱ्याला सांगतात, "टाकी उतरव." हा शब्द त्यांना कुणी शिकवलेला नाही. त्यांच्या हातांनीच तो निवडला असावा.

कृती तशी दहा मिनिटांची. आधी इंजिन निवू द्यायचे, पेट्रोलचा कॉक बंद करायचा. सीट निघाली की टाकीच्या शेपटाकडचा बोल्ट दिसतो. कॉकपासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी ओढताना तोंडाशी चिंधी धरायची, कारण नळीत उरलेले घोटभर पेट्रोल खाली यायचेच. मग काट्याची वायर सोडवायची. यानंतर नवशिका टाकी सरळ वर उचलू पाहतो आणि ती हटत नाही. पुढच्या बाजूला ती बोल्टावर नव्हे, तर दोन रबरी गुटक्यांवर रुतलेली असते. मागून किंचित उचलून आपल्याकडे ओढली की सहज येते. "रबर हरवू नको, नाहीतर सरांची टाकी वाजत राहील," असे मिस्त्री पोऱ्याला बजावतात. टाकी कुठे ठेवायची हे शेजारच्या चहावाल्याच्या स्टोव्हकडे पाहून ठरते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते.

टाकीखाली गाडीचा कणा असतो. रोजच्या वापरात तो आपल्याला कधीच दिसत नाही. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलींचे वळण, तारांवरचे झिजलेले आवरण, इग्निशन कॉइल, सोसायटीच्या आवारातल्या उंदरांनी ठेवलेल्या खुणा, हे सारे तिथे उघडे पडते. खरी तपासणी यांची. टाकी केवळ वाटेतून बाजूला व्हायची असते. पण ती हातात आल्यावर तिच्याही पोटात पाहणे आलेच.

रिझर्व्हविषयी माझी बरीच वर्षे अशी समजूत होती, आणि ती पुष्कळांची असते, की टाकीत एक वेगळा कप्पा असून त्यात अडीअडचणीचे पेट्रोल राखलेले असते. तसे काही नसते. कॉकच्या आत एक उभी नळी असते. एरवी पेट्रोल तिच्या वरच्या तोंडातून येते. पातळी त्याखाली गेली की गाडी आचके देते, आणि चावी फिरवल्यावर तळाजवळचे छिद्र उघडते. राखीव म्हणून जे मिळते ते तळाचे तेच पेट्रोल. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तेही तळाशीच बसते आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यात या गल्लीत ओळीने टाक्या उलट्या वाळत घातलेल्या मी पाहिल्या आहेत. पुराइतके नाट्य नसले तरी अर्धी रिकामी टाकी दमट हवेत आतून घामेजतेच. शिवाय फेब्रुवारी २०२३पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीला आले. इथेनॉल पाणी शोषून घेते, पण काही मर्यादेपर्यंत. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळ गाठतात. मिस्त्री हे सारे एका वाक्यात सांगतात: "सर, आता टाकी भरलेली ठेवत चला."

आता थोडे आपल्या घरचे. आपली समीक्षा पोत आणि वीण हे शब्द विणकराकडून घेते, घडण सोनार-लोहाराकडून, साचा ओताऱ्याकडून. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गाव-गाडा' १९१५ साली प्रसिद्ध केले, त्यातल्या बलुतेदारांचे हत्यार-अवजार आजही आपल्या टीकालेखांत राबते आहे. मिस्त्रीचा एकही शब्द तिथे पोचलेला नाही. बोलण्यात मात्र आपण सर्रास फ्यूज उडवतो, गिअर बदलतो, महिनाअखेरीस रिझर्व्हवर चालतो. गेल्या वर्षी एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी 'गॅरेजची बोली' हा विषय मांडला तेव्हा समितीतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ही बोली कसली, इंग्रजीची मोडतोड आहे." विषय बाजूला पडला.

मला हा आक्षेप पटत नाही. वॉशरचा 'वायसर' झाला तो ज्या वाटेने पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीज शब्द मराठीत रुळले त्याच वाटेने. त्या शब्दांना आपण मोडतोड म्हणत नाही, कारण ती जुनी झाली. खुद्द 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'चा. तो मुळात लॅटिन 'मॅजिस्टर'पासून निघाला, आणि त्याच 'मॅजिस्टर'पासून इंग्रजी 'मास्टर'मार्गे आपला 'मास्तर' आला. म्हणजे ताडपत्रीखाली उकिडवे बसलेले ते आणि फळ्यापुढे उभा मी, एकाच शब्दाची दोन पोरे आहोत. त्यांच्या शिकवण्यात व्याख्या नसते. पोऱ्याच्या हातावर हात ठेवून ते पाना थांबवतात: "बास. अजून आवळलास तर आटे जातील." किती आवळणे पुरे, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहून भागत नाही.

निकड आहे ती वेगळ्याच कारणाने. १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहा निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले. पंप टाकीच्या पोटात गेला, नळीत दाब आला, बहुतेक गाड्यांवरून कॉक आणि त्याबरोबर रिझर्व्हही गेला. टाकी अजूनही उतरते, पण आधी दाब सोडावा लागतो, आणि बिघाड शोधायला संगणक जोडावा लागतो. धूर आणि इंधन दोन्ही कमी करणाऱ्या या यंत्राविषयी माझी तक्रार नाही. मिस्त्रींचीही फारशी नाही. ते म्हणतात, जुन्या गाड्या आहेत तोवर चालेल. पोऱ्या मात्र एका सर्व्हिस सेंटरमध्ये अर्ज देऊन आला आहे.

तो विद्यार्थी दुसऱ्या विषयावर प्रबंध लिहितो आहे. तरी रविवारी सकाळी, गिऱ्हाईक कमी असते तेव्हा, वही घेऊन गल्लीत येतो. परवा त्याने मला दाखवले: 'आटे' या शब्दाखाली चार क्रियापदे होती, बसणे, जाणे, घसरणे, पाडणे, आणि पाडण्यापुढे कंसात मिस्त्रींचे वाक्य, "आटे नव्याने पाडता येतात, बोल्ट मात्र एक नंबर मोठा घ्यावा लागतो."