पहिली थाप

१६ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ब्रिटिश गायक एड शीरन गायला, तो मुख्यतः गिटार आणि पायाखालच्या लूप यंत्राच्या जोरावर. गिटारच्या लाकडावर थाप, मग सुरावट, मग आवाज. एकेक थर तिथेच मुद्रित होऊन फिरत राहतो. ‘वाजवतं यंत्र, कौतुक याचं कशाला?’ हा आक्षेप विदर्भातल्या वडशाच्या झाडीपट्टी नाटकांचा प्रेक्षक घेईल, आणि त्याला तो हक्कही आहे: तिथे रात्रभर जिवंत वादक साथ करतात. पण तबलजी चुकला तर पुढच्या आवर्तनात सावरतो. लूपमध्ये पहिली थाप घसरली, की प्रत्येक फेरीत ती घसरलेलीच ऐकू येते. कसब आहे ते या पहिल्या थापेत. नाटकात नटाने ऐनवेळी वाक्य लांबवलं, तर मात्र लूप थांबत नाही. झाडीपट्टीतला वादक थांबतो. म्हणून शीरनला दाद द्यावी, पण वडशाच्या वादकाची बिदागी कापू नये.